खेळाडूंमधली लढाई सक्तीची असावी की संमतीची?

विक्रोळीकर
गेल्या शनिवारी भाच्याशेजारी बसलो होतो. मोबाइलवरच्या एका बहुखेळाडू ऑनलाइन खेळात दोन तास खपून त्याने लाकूड आणि लोखंड जमवले, आणि गावाची वेस चार पावलांवर आली असताना झाडामागे दबा धरलेल्या तिघांनी त्याला मारून सगळा माल नेला. त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि तो जेवायला उठला. हे दुखणे जुनेच आहे. १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये शहराबाहेर पडलेल्या नवख्यांची अशीच लूट होत असे, अखेर २००० साली निर्मात्यांना त्याच जगाची, संमतीविना हल्ला करता न येणारी दुसरी प्रत काढावी लागली आणि बहुतेकांनी तिकडे बिऱ्हाड हलवले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नेही २०१८ मध्ये लढाईचे वेगळे सर्व्हर राखणे सोडून ‘वॉर मोड’ चालू-बंद करण्याची मुभा ज्याची त्याला दिली. यापुढे ही लढाई टिकेल ती संमतीनेच, असे माझे मत आहे.

गिरगावकर
असहमत. भाच्याच्या लोखंडाला मोल आले तेच मुळी ते लुटले जाऊ शकते म्हणून. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये जानेवारी २०१४ मध्ये एका तारकामंडळाच्या ताब्याचे देयक भरायचे राहिले, एवढ्यावरून ठिणगी पडली आणि सुमारे २१ तास चाललेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे त्या खेळातली सर्वांत मोठी अंतराळजहाजे, नष्ट झाली. आधी सह्या घेऊन असे काही घडत नसते. त्या खेळात ‘सुरक्षित’ भागातही हल्ला करता येतो. मात्र पोलीस जहाजे येऊन हल्लेखोराचे जहाज उडवतात. थोडक्यात, तिथे हल्ल्याला बंदी नाही, दंड आहे.

मुलुंडची प्रवासी
तुम्ही दोघेही समोर माणूसच आहे असे धरून चालला आहात. मोबाइलवरच्या शंभर जणांच्या सामन्यांत नवख्यासमोर बरेचदा संगणकाने चालवलेले बॉट उभे केले जातात, कारण तो पहिल्याच दिवशी हरून निघून जाऊ नये. मी लोकलमध्ये उभ्याने खेळते, घाटकोपरच्या आसपास पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांवरून ३०० वर जातो, आणि तरीही कधी कधी जिंकते. त्यावरून काय ते समजावे!

विक्रोळीकर
गिरगावकर, तो दंड आधीच खर्चात धरून स्वस्त जहाजांनी मालवाहू जहाजे फोडणाऱ्या टोळ्या त्याच खेळात आहेत, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. लुटल्या गेलेल्याला त्या दंडातून काय मिळते?

गिरगावकर
काही नाही, हे मान्य. पण मग ‘सी ऑफ थीव्हज’सारखे करा: डिसेंबर २०२३ मध्ये तिथे परक्या जहाजांविनाचा सुरक्षित समुद्र आला, तेव्हा त्यात सोने मिळे ते नेहमीच्या ३० टक्के. जोखीम नको असेल, तर कमाईही त्याच बेताची.

विक्रोळीकर
भाच्याला हे सांगितले. “म्हणजे दोन तासांचे जवळपास सात तास,” एवढेच म्हणाला आणि विचारात पडला.