बैलांना दस्तक दिले?

रामबागकर: पणजोबांच्या मोडी कागदांचं हिंदी नातवाकडून करून घेतोय. एक ओळ अशी: 'मिठाचे बैलांस दस्तक दिले असे, वाटेत मुजाहीम न होणे.' पठ्ठ्यानं लिहिलं, 'बैलों ने दस्तक दी'. मी म्हणतो हा मालाचा परवाना, तो मला कोशातली 'थाप' दाखवतो. हिंदीत काय लिहावं?

मोडीवेडी: काका, तुमचंच बरोबर. हिंदीत दस्तक 'दी' जाते, आपल्याकडे 'दिले'. लिंगातच उत्तर आहे. आंग्र्यांचं दस्तक नसलेलं गलबत कोकणपट्टीत धरलं जाई, ते हेच. मुजाहीम न होणे म्हणजे चौकीवाल्यांनी अडवू नये.

शुद्धलेखन: मूळ संस्कृत 'हस्तक', यवनांनी ह चा द केला. 'अनुज्ञापत्र' लिहा.

मोडीवेडी: हस्त आणि फारसी दस्त या बहिणी, मायलेकी नव्हेत. हातानं दार वाजवलं तरी दस्तक, हाती ठेवलेला कागदही दस्तक.

इतिहासप्रेमी: १७१७ मध्ये मुघल बादशहा फर्रुखसियरनं वर्षाला ३,००० रुपयांवर ईस्ट इंडिया कंपनीला बंगालात जकातमाफी दिली. साहेबांचे नोकर त्याच दस्तकावर स्वतःचा माल हाकू लागले. बंगालचा नवाब मीर कासीमनं वैतागून सगळ्यांचीच जकात उठवली, आणि प्रकरण १७६४ ला बक्सरच्या रणात गेलं. अशा शब्दाला 'थाप' म्हणायचं?

सियागंजवाला: सरळ 'बिल्टी' लिहा ना. अनुज्ञापत्र म्हटलं तर आमचा हमाल तोंडाकडे बघत राहील.

शुद्धलेखन: मंडीतून सोयाबीन बाहेर काढताना 'अनुज्ञा' लागते, ती हमालाला बरी कळते!

लोहामंडी: बिल्टी ही ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, माल घेतला एवढंच सांगते. नाक्यावर विचारतात ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. २०१८ पासून ५०,००० च्या वरच्या मालाला तेच लागतं. दस्तकाचा खरा वारस तो. मागे आमच्या गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला, ट्रक रात्रभर उभा. झाले की मुजाहीम!

शुद्धलेखन: म्हणजे पणजोबांच्या कागदात ई-वे बिल घालायचं?

रामबागकर: अहो, माझं हिंदी राहिलंच.

मोडीवेडी: सियागंजवाले, तुम्ही इंदूरकर बिल्टी 'कापली' का म्हणता हो? आमच्याकडे पुण्यात पावती फाडतात.

सियागंजवाला: ताई, फाडून टाकली तर माल कसा सोडवणार?