मदत हवी आहे: पॅनेलमध्ये हलवल्यापासून टेक्स्टबॉक्स नावाने सापडत नाही (सी शार्प, विंडोज फॉर्म्स)

नमस्कार मंडळी,
मी देवगडचा. काकांच्या आंब्याच्या शेडसाठी छोटा प्रोग्रॅम लिहितोय. वाशीला जाणाऱ्या टेम्पोत कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या गेल्या ते भरायचं आणि दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की ताडून बघायचं. हिशेब इतके दिवस वहीत होता. ऐन हंगामात एक पान हरवलं आणि दोन बागायतदारांपुढे काकांची मान खाली गेली. तेव्हापासून मी हे मनावर घेतलंय.

पेटी डझनावर लागते. चार डझनी म्हणजे मोठं फळ, आठ डझनी म्हणजे बारीक. म्हणून पाच टेक्स्टबॉक्स (आकडा भरायचे रकाने), नावं पेटी४ ते पेटी८. बेरजेसाठी लूप आहे, त्यात आय ४ ते ८ फिरतो (शेडवरून मोबाइलने लिहितोय, म्हणून कोड देवनागरीत):

एकूण += इंट.पार्स(धिस.कंट्रोल्स["पेटी" + आय].टेक्स्ट);

हे छान चालत होतं. काल दरांचे रकाने वाढवले, जुन्या लॅपटॉपवर स्क्रीन पुरेना, म्हणून सगळं एका पॅनेलमध्ये टाकून स्क्रोल लावला. आता याच ओळीवर 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट' येतं. नावं प्रॉपर्टीजमध्ये तपासली, तीच आहेत. नुसतं पेटी४.टेक्स्ट लिहिलं तर आकडा येतो! मग नावाने का सापडत नाही?

प्रतिसाद १:
नाव बरोबर आहे, शोधायची जागा चुकतेय. फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये थेट फॉर्मवर ठेवलेलीच कंट्रोल्स (टेक्स्टबॉक्स, बटण, पॅनेल वगैरे) असतात. तुमचे रकाने आता पॅनेलच्या पोटात गेले. फॉर्मला फक्त पॅनेल दिसतं, म्हणून नल, म्हणजे काहीच हाती येत नाही. पेटी४ थेट लिहिलं की चालतं, कारण डिझायनर (फॉर्म माउसने मांडायची खिडकी) त्या नावाचं व्हेरिएबल फॉर्मच्या क्लासमध्ये बनवतो. कंट्रोल कुठे ठेवलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पॅनेल१.कंट्रोल्स["पेटी" + आय] लिहा. नाहीतर धिस.कंट्रोल्स.फाइंड("पेटी" + आय, ट्रू). ट्रू दिलं की आतल्या कंट्रोल्समध्येही शोधतं. मात्र फाइंड अ‍ॅरे (यादी) देतं, कारण एकाच नावाची अनेक कंट्रोल्स असू शकतात. लेंग्थ (किती सापडली) बघूनच [०], म्हणजे पहिलं, घ्या.

धागाकर्ता:
दादा, फाइंडने चाललं, मनापासून आभार! पण 'नवीन बागायतदार' बटण दाबल्यावर मी कोडमधून जे रकाने बनवतो, त्यांच्यासाठी फाइंड रिकामं अ‍ॅरे देतंय. व्हेरिएबलचं नाव तर नीट दिलंय.

प्रतिसाद २:
व्हेरिएबलचं नाव आणि कंट्रोलची नेम प्रॉपर्टी या दोन वेगळ्या गोष्टी. डिझायनर दोन्ही एकदम भरतो, म्हणून फरक जाणवत नाही. कोडमधून न्यू टेक्स्टबॉक्स केला की नेम रिकामी असते, नवा.नेम = "पेटी४" असं स्वतः भरावं लागतं. तुमच्याकडे बागायतदार अनेक, तेव्हा नावात त्याचा क्रमांकही घ्या.

खरं सांगू? ओळी वाढणार असतील तर बनवतानाच प्रत्येक रकाना डिक्शनरीत (किल्ली दिली की वस्तू देणाऱ्या यादीत) ठेवा, किल्ली म्हणून बागायतदार आणि डझन. उद्या पॅनेल बदललं तरी काही हलणार नाही. अवतरणातलं नाव कंपायलर तपासत नाही. डिझायनरमध्ये नाव बदललंत तरी लूपमधलं जुनंच राहील आणि चूक प्रोग्रॅम चालतानाच कळेल, तीही टेम्पो भरायच्या वेळी.

धागाकर्ता:
डिक्शनरीच करतो. रात्री कालची पट्टी भरून बघतो आणि इथेच कळवतो.