तळ्याच्या ओल्या काठावर गाड्या घालणं याला ऑफरोडिंग म्हणू नका

तळ्याकाठची:
परवा एका रायडरची वीकेंड कॅम्पिंगवरची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पाणी आटल्यावर तळ्याभोवती जो पट्टा उघडा पडतो तीच ऑफरोडची, म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवायची, सगळ्यात भारी जागा, तिथे ना झाडं ना कुणाचं शेत, तंबू पाण्याला खेटून लावा, सकाळी ओल्या काठावरून गाड्या मनसोक्त पळवा, पुढच्या पावसात पाणी वर चढलं की चाकांच्या खुणा आपोआप जातात. आणि खाली सगळे भारी भारी करतायत.

मी स्वतः बाईक चालवते. मित्रमंडळींबरोबर दोन दिवस गाड्या काढायच्या, कच्च्या वाटा तुडवायच्या आणि रात्री तंबूत झोपायचं, यासारखं सुख नाही, त्यामुळे घरी बसा असं मी कुणालाच सांगत नाहीये. पण तो पट्टा रिकामा नाही हो! टिटवी काड्या गोळा करून घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर जरासा खोलगा करून त्यात अंडी घालते, साधारण चार, आणि ती खडेमातीच्याच रंगाची असतात. पायी चालताना दिसत नाहीत ती गाडीवरून काय दिसणार. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली की जवळ अंडी नाहीतर पिल्लं आहेत असं धरा आणि मागे फिरा.

आणि खुणा जातात म्हणजे काय होतं याचा विचार केलाय का कुणी? चाकाने उकरलेली माती पाण्यात जाते, दुसरीकडे कुठे जाणार. वाळू पटकन तळाला बसते, पण काठाचा बारीक गाळ दिवसचे दिवस तरंगत राहतो, पाणी गढूळ होतं, ऊन आत पोचत नाही, आणि शेवटी तो जिथे बसतो तिथे माशांची अंडी असली तर ती गुदमरतात. उथळ पाण्यातलं गवत आणि लव्हाळं ही माशांच्या पिल्लांची लपायची जागा, तेच गवत काठाची माती धरून ठेवतं, आणि आपण मागचं चाक फिरवून नेमकं तेच उपटायचं? गाड्या वापरातल्या वाटेवर ठेवा, तंबू पाण्यापासून निदान साठ मीटर मागे घ्या. एवढंच मागतेय.

धुरळा:
ताई, ती पोस्ट माझ्याच मित्राची, म्हणून उत्तर देतो. रोज गुरं त्याच काठावर पाणी प्यायला उतरतात, ट्रॅक्टर उतरतात, गाळ उपसायला मोठी मशीन येतात, तेव्हा टिटवीचं काय होतं? आम्ही पाच-सहा जण वर्षात कधीतरी जातो. आणि मुद्दाम वेगवेगळ्या लायनीने चालवतो, एकाच जागी चर पडू नये म्हणून. दरवेळी बाईकवालाच दिसतो सगळ्यांना. चारचाकीतून येऊन बाटल्या फोडून जाणारे, गाडीची दारं उघडी टाकून रात्रभर गाणी वाजवणारे, त्यांच्यावर कुणी एवढं लांबलचक लिहीत नाही. हेल्मेट दिसलं की उपदेश सुरू. मागच्या हिवाळ्यात आम्ही येताना दुसऱ्यांच्या कचऱ्याची पोती भरून आणली, त्याचं कौतुक करायला कुणी आलं नाही.

तळ्याकाठची:
कचरा आणलात ते चांगलंच केलंत. पण वेगवेगळ्या लायनी हाच तर सगळ्यात मोठा घोळ आहे. कोऱ्या जमिनीचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होतं, माती दबते, गवत मरतं, त्यानंतर त्याच वाटेवरून अजून गाड्या गेल्या तर भर पडते पण त्या मानाने कमी. म्हणजे सहा जण सहा लायनींनी गेलात की सहा वाटा मेल्या. एकामागून एक गेलात तर एक. वाटेत चिखलाचं डबकं आलं तरी नियम तोच, सावकाश मधून जायचं, कडेने वळसा घातला की वाट दरवेळी रुंदच होत जाते. दबलेली माती किती काळ तशीच राहते बघायचं असेल तर मोहावे वाळवंटातल्या खुणा बघा, १९४२ ते १९४४ मध्ये तिथे अमेरिकन सैन्याचा रणगाड्यांचा सराव झाला होता, त्यांचे माग अजून दिसतात.

धुरळा:
रणगाडा आणि माझी दीडशे किलोची बाईक एकाच तराजूत? आणि वाळवंट कुठे, तळं कुठे. कोरड्या जमिनीला सावरायला वेळ लागतो, ओल्या काठावर एका पावसात हिरवळ येते, मी डोळ्यांनी बघितलंय.

तळ्याकाठची:
वाळवंटाचं उदाहरण तळ्याला लागू होत नाही, बरं, ते सोडा. पण गाळाचं काय? त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

स्पॅनर:
पर्यावरण बाजूला ठेवा, गाडीच्या बाजूने सांगतो. आटलेल्या काठाला वरून जी कोरडी भेगाळलेली साय दिसते तिच्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. माणूस पेलतो, गाडी पेलत नाही. साय फुटली की मागचं चाक स्विंगआर्मपर्यंत, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यापर्यंत, आत जातं, आणि मग लोक थ्रॉटल पिळतात, गाडी अजून खोल. बाहेर काढायला चार माणसं, एक दोर, अर्धा दिवस. आणि काठावरून घसरून गाडी पाण्यात आडवी पडली आणि इंजिन बंद झालं तर स्टार्टरला हात लावायचा नाही! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचा, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बघायचा, मग पुढचं. माझ्याकडे अशी वाकलेल्या रॉडची इंजिनं येतात आणि मालक म्हणतो फक्त एकदाच सेल्फ मारला होता.

अजून एक, टायरमधली हवा. रस्त्यावरचाच तीस पीएसआय दाब ठेवून वाळू-गाळात जातात आणि मग गाडी नाचते म्हणून रडतात. वीसच्या आसपास आणा, टायर पसरतो, पकड येते. अगदी बारा-पंधरावर नेलीत तर दगडावर रिम ठेचेल, ट्यूबलेस असेल तर टायर रिमवरून सुटेल. आणि परतताना डांबरीवर चढायच्या आधी पंप काढून हवा भरा.

रातकिडा:
गाण्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. तुमचा छोटासा ब्लूटूथ स्पीकर पलीकडच्या काठावर झोपलेल्याला स्वच्छ ऐकू येतो. मी त्या पलीकडच्या काठावर होतो. मध्यरात्रीनंतरही सुरूच, आणि हे बाईकवालेच होते धुरळाभाऊ, गाड्या तंबूंशेजारी उभ्या होत्या आणि मधूनच कुणीतरी सायलेन्सर काढलेली गाडी रेस करत होतं.

धुरळा:
ते आम्ही नव्हतो. सायलेन्सर काढणाऱ्यांना आम्ही ग्रुपमध्ये घेतच नाही.

सरळवाट:
पाण्याला खेटून तंबू लावणारे सकाळी भिजलेल्या स्लीपिंग बॅगा वाळत घालताना दिसतात, हे कुणीच बोललं नाही. गार हवा जड असते, रात्री उतारावरून सरकत सखल जागी साचते, त्यात पाण्याचा ओलावा, म्हणजे सगळ्यात जास्त दव तुमच्याच तंबूवर. थोडं वर चढून लावा, झोपही चांगली लागते. आणि थंडी वाजते म्हणून स्टोव्ह तंबूत घेऊन चेन लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकोटीला पाण्यातले ओले दगडही नकोत, आत शिरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून तुकडे उडतात.

धुरळा:
दवाचं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण मुळात आम्ही काठाने का जातो तेही ऐका. वरची वाट दगडांची आहे, नवीन मुलं तिथे पडतात. काठ सपाट असतो, हात बसतो. नाहीतर मागे पडणाऱ्यासाठी दर वळणावर थांबत बसावं लागतं, इंजिनं तापतात, अंधार होतो, वीकेंड संपतो. जो मागे राहतो तो शिकतो हळूहळू, आम्हीही तसेच शिकलो.

शेवटची_बाईक:
आतापर्यंत गप्प वाचत होतो, हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. जो मागे राहतो तो शिकतो? आमच्या ग्रुपमध्ये असंच तळ्यावर जाताना सगळ्यात नवीन मुलगा शेवटी होता. पुढचे कॅम्पवर पोचले, तंबू ठोकायला लागले, कुणीतरी म्हणालं तो फोटो काढत थांबला असेल. मला पटेना म्हणून मी गाडी वळवली. दगडी उतारावर तो गाडीखाली पाय अडकून पडला होता, तापलेला सायलेन्सर पोटरीला टेकलेला, फोनला रेंज नाही, हाका मारून मारून घसा बसलेला. अंधार पडला होता. पोटरीचा डाग आजही आहे आणि त्याने नंतर बाईकला हात लावला नाही. तुमच्या हळूहळू शिकण्याची ही किंमत.

धुरळा:
वाईट झालं, पण एका अपघातावरून सगळ्या ग्रुपांना बेजबाबदार म्हणू नका. आमच्यात असं कधी झालं नाही.

शेवटची_बाईक:
झालं नाही म्हणून होणार नाही का? आणि बेजबाबदार हा शब्द तुम्ही काढलात. साधी पद्धत आहे, प्रत्येकाने आरशात मागचा दिसतोय का बघायचं, वळणावर मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही, आणि शेवटी जो चालवतो तो ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी, टूलकिट, पंक्चर किट आणि फर्स्ट एड त्याच्याकडे. बहुतेक ग्रुपमध्ये उलटं असतं, सगळ्यात जोरात चालवणारा पुढे आणि सगळ्यात घाबरलेला शेवटी, एकटा.

स्पॅनर:
यात धुरळाची एक बाजू मांडतो. वाळूत हळू चालवलं की पुढचं चाक रुततं, चढावर मध्येच थांबलं की पुन्हा निघता येत नाही. नवीन माणसाच्या वेगाने सगळ्यांना चालवायला लावलंत तर चांगले चालवणारेही पडतील. थांबायचं ते चढ संपल्यावर, सपाटीला.

शेवटची_बाईक:
सपाटीलाच थांबा, माझं काही म्हणणं नाही. पण थांबा.

तळ्याकाठची:
विषय कुठल्या कुठे गेला, पण जाऊ दे, हाही महत्त्वाचाच आहे. धुरळा, नवीन मुलांना सपाट जागा हवी हे मला समजतं. मग वाटेवरचीच सपाट जागा शोधा, तिथे फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, नजर लांब ठेवून चालवायला शिकवा. त्याला ओला काठ कशाला लागतो?

धुरळा:
गुरांचं उत्तर अजून मिळालं नाही.

तळ्याकाठची:
गुरंही काठ तुडवतात, मान्य. त्यांना तहान लागलेली असते आणि दुसरीकडे पाणी नसतं. आपल्याला तिथे जायची कसलीच अडचण नसते. आणि आधीच तुडवलेल्या काठावर आपण अजून भर घालायची, हे कुठलं गणित?

धुरळा:
बरं. तंबू मागे घेऊ, दवाचंही पटलंय. गाड्या काठावर उतरवणार नाही, निदान ओलं असेल तिथे तरी नाही, मित्रालाही सांगतो, तो ऐकेल याची हमी मी देत नाही. पण शेवटच्या माणसाने अख्ख्या ग्रुपचा वेग ठरवायचा हे मला मान्य नाही आणि होणार नाही. दोन दिवस मिळतात, त्यातही रांगत जायचं असेल तर मी येणारच नाही.

शेवटची_बाईक:
मग दोन ग्रुप करा. जोरात चालवणारे पुढे, बाकीचे मागून, आणि दोन्हीच्या शेवटी एकेक अनुभवी माणूस. वाटेत भेटायच्या जागा आधी ठरवा.

धुरळा:
दोन ग्रुप चालतील. दुसऱ्याच्या शेवटी चालवायला आमच्यातलं कोण तयार होईल ते मात्र विचारावं लागेल, कारण मी होणार नाही.