प्रवेशाइतक्याच पदवीच्या अटीही वाचा
पदवी संगणकशास्त्राची नसेल तर संगणकशास्त्रातल्या एमएसला (पदव्युत्तर पदवीला) अर्ज करण्यात अर्थ नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. मेकॅनिकल, गणित, भौतिकशास्त्र केलेल्यांनाही प्रवेश मिळतो. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टीम या संगणकशास्त्राच्या मूळ विषयांतलं काय झालंय ते विद्यापीठं बघतात. राहिलेले विषय कधी आधी करून मागतात, कधी प्रवेशानंतर करायला लावतात, आणि बरेचदा त्यांचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत.

पण आत गेल्यानंतरच्या अटींबद्दल कुणीच बोलत नाही. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचा २०१४ साली सुरू झालेला संगणकशास्त्राचा ऑनलाइन एमएस बघा. जीआरई ही प्रवेश परीक्षा लागत नाही, त्यामुळे लोकांना तो सोपा वाटतो. तिथे पहिल्या १२ महिन्यांत दोन पायाभूत विषयांत किमान बी ग्रेड आणावीच लागते. एकूण १० विषय, ३० क्रेडिट. ऐच्छिक विषयात सी चालते, स्पेशलायझेशनच्या (निवडलेल्या खास शाखेच्या) विषयात मात्र चालत नाही! नोकरी सांभाळून करणार असाल तर पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, आणि तोही पायाभूत यादीतला, हे अगदी कळकळीने सांगतो.