अनुभव धागा: स्पीडवे कुणी पाहिलंय का? बिनब्रेकच्या मोटारसायकली आणि त्यांचे स्वार

काळामुलूख_यूके

२०२५ च्या सप्टेंबरात डेन्मार्कमधल्या वोयन्सला बार्तोश झ्मार्झलिकने स्पीडवेचं सहावं जगज्जेतेपद घेतलं. ऑस्ट्रेलियाचा ब्रेडी कर्ट्झ फक्त एका गुणाने मागे राहिला. सहा वेळा जगज्जेते म्हणजे आजवर इव्हान मॉगर आणि टोनी रिकार्डसन, आता हा तिसरा. नातवाने फोनवर व्हिडिओ दाखवला आणि मला डडली वुड मैदानावरचा शनिवार आठवला.

आम्ही १९७९ ला बर्मिंगहॅमजवळ आलो. मी फाउंड्रीत. शेजारचे आजोबा क्रॅडली हीथ या आमच्या गावच्या स्पीडवे क्लबचे पक्के चाहते. त्यांनीच मला पहिल्यांदा नेलं, हातात प्रोग्रॅम आणि पेन दिलं, म्हणाले लिहीत जा. चार स्वार, चार फेऱ्या, डावीकडे वळत, एका मिनिटात खेळ खलास. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण, चौथ्याला भोपळा. सगळं मैदान माना खाली घालून लिहायला लागायचं, मग परत माना वर. वास मेथनॉलचा आणि जळक्या एरंडेलाचा. इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल असायचं. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं तेच एरंडेल इथे हवेत!

आमच्या या एवढ्याशा गावाच्या क्लबकडून पाच जगज्जेते खेळून गेले. ब्रूस पेनहॉल, एरिक गुंडरसन, यान ओ. पेडरसन, बिली हॅमिल, ग्रेग हॅनकॉक. १९८१ ला क्लबच्या बसने वेम्ब्लीला गेलो होतो. वेम्ब्लीवरची ती शेवटची जागतिक फायनल. पेनहॉलने ओले ओल्सेनला आणि टॉमी नुडसेनला दोन वेगवेगळ्या हीटमध्ये, म्हणजे एकेका रेसमध्ये, अगदी रेषेवर गाठलं. बाहेरच्या बाजूने, कठड्याला घासत. आजोबांनी माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

मला खरं सांगायचंय ते हे, की ही माणसं हाताला लागतील एवढी जवळ होती. वेम्ब्लीत जिंकलेला माणूस पुढच्या शनिवारी आपल्या गल्लीच्या मैदानात हजर. रेस संपली की पिट्समध्ये जायचं, तो साखळी पुसत बसलेला, पोरांच्या प्रोग्रॅमवर सह्या करणारा. गुंडरसनची सही माझ्या मोठ्या मुलाकडे अजून आहे. म्हणूनच १९८९ ला ब्रॅडफर्डला वर्ल्ड टीम कपच्या पहिल्याच हीटमध्ये तो पडला तेव्हा घरातलं कुणी पडल्यासारखं झालं. त्या अपघातात त्याच्याबरोबर आमच्याच क्लबचा सायमन क्रॉस होता, इंग्लंडकडून. गुंडरसन जिवावरच्या दुखण्यातून उठला, चालायला लागला, पण रेसिंग कायमचं संपलं.

१९९५ नंतर डडली वुड बंद झालं. आता तिथे घरं आहेत.

तुमच्या आठवणी लिहा. स्पीडवेच हवं असं काही नाही, मोटारसायकलींच्या शर्यतीचं काहीही चालेल.

मुगाचीखिचडी

काका छान लिहिलंय. पण ब्रेक नाहीत म्हणजे खरंच नाहीत? थांबतात कसे मग?? कुकर लावून येते, तोवर कुणीतरी सांगा.

दोनचाकी_सातारा

@मुगाचीखिचडी खरंच नाहीत ताई. गिअरही एकच. ५०० सीसी, एक सिलिंडर. वळणाच्या आधी मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं चाक उजवीकडे आणि गाडी डावीकडे, अशी आडवी जाते. त्या घसरण्यातच वेग मरतो. डाव्या बुटाला लोखंडी तळ असतो, तो जमिनीवर टेकवून तोल सांभाळतात. क्लच फक्त सुरुवातीला, फीत वर उडते तेव्हा. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, स्वार पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद. रेस संपली की थ्रॉटल सोडतात, गाडी आपोआप मंदावते.

माझा संबंध जावामुळे. वडिलांकडे म्हैसूरची जावा होती, किक आणि गिअर एकाच दांडीवरची. शेजारपाजारच्या पोरांना ती दांडी उलटी फिरवून किक कशी करायची हे शिकवण्यात त्यांची निम्मी रविवार सकाळ जायची. जावाची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. चेक देशात दिविशोव्हला ‘एसो’ नावाची कंपनी स्पीडवेच्या गाड्या करायची, १९६४ ला ती जावात आली आणि मग जगभरचे स्वार जावावर. वडिलांना फोटो दाखवला तर टाकी बघून म्हणाले, ही आपली नव्हे, हिला सीट कुठाय!

मुगाचीखिचडी

आई गं. मुलाला दाखवणार नाही हे. आधीच सायकलचे ब्रेक काढून फिरतो.

व्रोत्सवाफकर_रांगडा

काका, तुम्ही जुन्या काळचं सांगितलंत, आत्ताचं पोलंडमधून ऐका. इथे स्पीडवे म्हणजे लई भारी प्रकरण हाय. रविवारी जेवणं उरकून आजी, आजोबा, सून, तान्हं पोरगं, सगळे गळ्यात रुमाल घालून स्टेडियममध्ये. मी नोकरीसाठी आलो तेव्हा मला फक्त क्रिकेट कळायचं. ऑफिसातल्या मित्राने ऑलिम्पिक स्टेडियमवर नेलं. पहिली रेस सुरू झाली आणि छातीत धडधड नुसती. आमच्याच मैदानात १९७० ला मॉगरने सलग तिसरं जगज्जेतेपद घेतलं, दुसरा आणि तिसरा पोलिश, वालोशेक आणि वोरिना. म्हाताऱ्या लोकांना अजून हीटवार आठवतं.

तोरुनला गेलात तर स्टेडियमचा पत्ता बघा. रस्त्याचं नाव पेर योन्सनचं. स्वीडनचा, १९९० चा जगज्जेता. तोरुनकडून खेळताना १९९४ ला पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. परदेशी माणसाच्या नावाने गावाने रस्ता केला. मला ते लई लागलं मनाला.

आणि एक. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. कुठला विचारलं, म्हटलं इंडिया, कोल्हापूर. त्या उभ्याच राहिल्या. त्यांची आई लहानपणी आपल्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत होती! तेव्हापासून मला चहाचे पैसे देऊ देत नाहीत. प्रोग्रॅम भरायला त्यांनीच शिकवलं.

पंचगंगाकाठ

भावा काय सांगालास!! वळिवडे!! माझ्या आज्ज्यानं त्या छावणीत भाजी पुरवलीय. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश लोक होते, बायका आणि पोरंच जास्त. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ हाय, बघितलास न्हवं? आजींना आमचा नमस्कार सांग. कुठल्या ब्लॉकात होत्या त्यांच्या आई ते विचार.

व्रोत्सवाफकर_रांगडा

विचारतो भावा. स्तंभाचा फोटो असला तर पाठव, आजींना दाखवतो.

पंचगंगाकाठ

उद्या जाऊन काढतो. फिरायला तिकडंच असतो सकाळी.

सिस्टर_मँचेस्टर

ड्यूटी संपवून बसमध्ये लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

मी कॅज्युअल्टीत नर्स होते, बेल व्ह्यू जवळच. हाइड रोडचं मैदान, शेजारीच प्राणिसंग्रहालय आणि जत्रेसारखे पाळणे. मी आले तेव्हा बेल व्ह्यू क्लबने १९७०, ७१, ७२ असं लागोपाठ लीग जिंकलेलं. त्या संघात मॉगर होता. मग पीटर कॉलिन्स, १९७६ ला पोलंडमध्ये होझोवला जिंकला तो. ख्रिस मॉर्टनही.

शनिवारी रात्री स्पीडवेवाले आले की आम्हाला लांबूनच कळायचं. चामड्याच्या कपड्यातून लाल बारीक खडी फरशीवर सांडत यायची, झाडूवाल्या मावशी वैतागायच्या. बहुतेक वेळा कॉलरबोन. डॉक्टर सांगायचे सहा आठवडे. तो बिचारा मान डोलवायचा आणि पहिला प्रश्न, मंगळवारी चालवू का? पट्टा बांधून परत मैदानात. मी रागवायचे खूप. पण एकदा एका मुलाने, विशीतला असेल, मला सांगितलं की सिस्टर, एका रेसचे गुण बुडले तर महिन्याचं भाडं बुडतं. त्यांना गुणांवर पैसे मिळायचे. तेव्हापासून रागवणं सोडलं, पट्टा मात्र घट्ट बांधायचे.

आमच्या जुन्या मेट्रन पीटर क्रेव्हनबद्दल बोलायच्या. दोनदा जगज्जेता, १९५५ आणि १९६२. १९६३ ला एडिंबरोला पडून गेला. अंगाने अगदी लहान होता म्हणे. नाव काढलं की त्यांचे डोळे भरायचे.

हाइड रोड १९८७ ला गेलं. आता २०१६ पासून नवीन नॅशनल स्पीडवे स्टेडियम आहे. सुनेला नेलं होतं, तिला आवडलं.

काळामुलूख_यूके

सिस्टर, गुणांवर पैशाचं अगदी बरोबर. आणि त्यातूनच स्वतःची गाडी, टायर, मेकॅनिक, व्हॅनचं पेट्रोल. अर्धा युरोप व्हॅनने पालथा घालायचे, रात्री इंग्लंड, दोन दिवसांनी स्वीडन, रविवारी पोलंड. तुम्ही नक्की कुठल्या साली होतात? आमची क्रॅडली तुमच्याकडे आली की मी यायचो.

सिस्टर_मँचेस्टर

७३ ते ८४. म्हणजे एकमेकांच्या शेजारून गेलोही असू.

यॉर्कशायर_मराठी

पेनहॉलचं कौतुक चाललंय म्हणून लिहिणं भाग आहे. १९८२, लॉस एंजेलिस, जागतिक फायनल. आमच्या हॅलिफॅक्सचा केनी कार्टर आणि पेनहॉल एका वळणावर भिडले, कार्टर पडला आणि रेफ्रीने कार्टरलाच बाद केलं. पेनहॉल जिंकला आणि पोडियमवरच निवृत्ती जाहीर करून टीव्हीवर काम करायला गेला. आमच्या हॅलिफॅक्समध्ये अजूनही हा विषय निघाला की चहा थंड होतो.

काळामुलूख_यूके

दादा, मी रीळ अनेकदा पाहिलंय. पेनहॉल आत होता, त्याची रेषा होती. कार्टरला बाहेर जागा राहिली नाही हे खरं, पण स्पीडवेत बाहेरच्याने थ्रॉटल सोडायचा असतो.

यॉर्कशायर_मराठी

तुमच्या पेनहॉलने वेम्ब्लीत सोडला होता का काका? :) जाऊ दे. कार्टर शूर होता एवढं तर माना.

काळामुलूख_यूके

ते शंभर टक्के मान्य. त्याच्यासारखं घुसणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

क्राइस्टचर्च_निवासी

आमच्या गावचं लिहितो. न्यूझीलंडचे तीन जगज्जेते, रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज, इव्हान मॉगर, तिघेही क्राइस्टचर्चचे. मिळून बारा विजेतेपदं. वस्ती किती आणि हे किती! मॉगर २०१८ मध्ये गेला. १९७० च्या विजयानंतर अमेरिकन चाहत्यांनी त्याची गाडी सोन्याने मढवून दिली होती, खरंच सोन्याचा मुलामा. माझे घरमालक स्पीडवेवेडे. ते सांगायचे, मॉगरची गाडी चिखलात लोळून आली तरी पुढच्या हीटला स्वच्छ. गेटवर उभा राहिला की आधी जमीन बघायचा, टाचेने माती उकरून चाकापुढे नीट करायचा, मग फितीकडे बघायचा. पहिल्या वीस मीटरमध्येच रेस जिंकायचा माणूस. मुलीला शाळेतून आणायला निघालोय, बाकी नंतर.

जुन्नरचा_घाट

मला हे सगळं नवीन, पण वाचताना आमच्या बैलगाडा घाटाचीच आठवण आली. तिथेही काही सेकंदांचा खेळ आणि त्यासाठी वर्षभराचा खुराक. मधली बंदीची वर्षं गावात यात्रेला चव नव्हती. उठली तेव्हा आमचे नाना घाटात जाऊन नारळ फोडून आले.

दोनचाकी_सातारा

@जुन्नरचा_घाट कोणता घाट तुमचा? आम्ही ओतूरला येतो.

जुन्नरचा_घाट

मग या की घरी. यात्रेच्या तारखा कळवतो. मासवडी खाऊन जा.

व्रोत्सवाफकर_रांगडा

तोमाश गोलोबचं राहिलं. पोलंडला १९७३ ला श्चाकिएल जिंकल्यानंतर दुसरा जगज्जेता मिळायला २०१० उजाडावं लागलं, तो गोलोब. बिदगोश्चचा. लोक सांगतात, कठड्याजवळून असा यायचा की खालून जाणारे जागेवर उभे वाटायचे. २०१७ ला मोटोक्रॉसच्या सरावात पडला, मणक्याला मार लागला, व्हीलचेअरवर आहे. ऑस्ट्रेलियाचा स्वार डार्सी वॉर्डही २०१५ ला झिएलोना गुराला रेसमध्ये पडून असाच व्हीलचेअरवर गेला, तेविसाव्या वर्षी. हल्ली वळणांवर हवेचे फुगवलेले कठडे असतात, पण वेग तर तोच. आमच्या आजी प्रत्येक हीटच्या आधी क्रूस करतात, दोन्ही संघांसाठी.

मुगाचीखिचडी

वाचून काटा आला. या पोरांच्या आया कशा बघत असतील.

सिस्टर_मँचेस्टर

बघत नाहीत ताई. एक आई माझ्या ओळखीची होती, ती कायम चहाच्या टपरीमागे उभी राहायची. लाउडस्पीकरवर निकाल ऐकला की मगच बाहेर.

पुणे_ते_पोझनान

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. पोझनानला शिकते. हा धागा वाचून येत्या रविवारी लेश्नोला मैत्रिणींबरोबर जायचं ठरवलंय. तिकीट कुठलं काढू? अगदी जवळून बघायचंय.

व्रोत्सवाफकर_रांगडा

पहिल्या वळणाचं काढ, पण अगदी पुढची रांग नको. चौघं एकदम वळतात तेव्हा माती थेट अंगावर येते. पांढरा ड्रेस घालू नको. गॉगल ने, कानाला काहीतरी ने.

काळामुलूख_यूके

आणि पेन ने बाळा. दोन ने, एक बंद पडतं.

पुणे_ते_पोझनान

हो काका. प्रोग्रॅम भरून फोटो टाकते इथे.