दात्याची साखर २८०, अमायलेज दुप्पट: स्वादुपिंड नाकारायचं का?

समन्वयक_आयसीयू
मेंदूमृत दाता, वय ३४, बीएमआय २६, दुचाकी अपघात. आयसीयूत तिसरा दिवस. साखर २८०, अमायलेज (स्वादुपिंडातून येणारं पाचक एन्झाइम) दुप्पट, सोडियम १५८, नॉरअ‍ॅड्रिनालिन (रक्तदाब टिकवणारं औषध) कमी मात्रेत चालू. घरच्यांच्या मते मधुमेह नव्हता. प्रत्यारोपणासाठी स्वादुपिंड घेणं सोडून द्यायचं का?

इंटेन्सिव्हिस्ट
एवढ्यावरून मुळीच नाही. मेंदूमृत्यूनंतर लघवी वाढून सोडियम चढतो, तो उतरवायला आपण ५ टक्के डेक्स्ट्रोज चालू करतो आणि साखर वर जाते. वर स्टेरॉइडही असतातच. डेस्मोप्रेसिन (लघवी कमी करणारं औषध) द्या, पाणी राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्या, इन्सुलिन इन्फ्युजन लावा. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) पाठवा, पण रक्त चढवलं असेल तर तो आकडा फसवा असतो. भरतीच्या वेळचा नमुना लॅबमध्ये शिल्लक असेल तर त्यावरच करून घ्या.

अमायलेज जबड्याच्या माराने लाळग्रंथीतूनही येतो. लायपेज (स्वादुपिंडाचंच दुसरं एन्झाइम) बघा. तोही चढत असेल तर पोटाचा सीटी नीट वाचून घ्या.

समन्वयक_आयसीयू
युरोट्रान्सप्लांटच्या (युरोपातली अवयववाटप संस्था) पी-पासमध्ये (स्वादुपिंडासाठी दाता कितपत योग्य हे आधीच जोखणारा स्कोअर) आकडा १७ च्या वर गेला तर?

प्रत्यारोपण_सर्जन
वय, बीएमआय, आयसीयूतले दिवस, हृदय थांबलं होतं का, सोडियम, अमायलेज किंवा लायपेज आणि रक्तदाबाची औषधं, एवढ्यावर तो काढतात. १७ च्या खाली असेल तर दाता पसंतीचा. वर गेला म्हणून फोनवरच नकार देऊ नका, अवयव बघायला माणूस पाठवा.

खरा निकाल पोट उघडल्यावर लागतो. लेसर सॅक (जठरामागची पोकळी) उघडून डोक्यापासून शेपटीपर्यंत हाताने चाचपायचं. मऊ, लवचिक लागलं तर ठीक. पाळ्यांमध्ये चरबी भरलेली, गाठाळ कडकपणा, रक्तगाठ किंवा ठळक सूज असेल तर तिथेच थांबा. चरबीचं स्वादुपिंड रक्तपुरवठा परत सुरू झाल्यावर सुजतं, आणि ग्राफ्ट (बसवलेला अवयव) लवकर गमावण्याचं सर्वात मोठं तांत्रिक कारण म्हणजे त्यात होणारा थ्रोम्बोसिस (रक्तवाहिनीत रक्त गोठणं).

यकृताच्या टीमशी आधीच बोला. उजवी यकृतधमनी एसएमएतून (आतड्याला आणि स्वादुपिंडालाही रक्त देणारी धमनी) निघत असेल तर कुठे कापायचं हे टेबलावर भांडून ठरत नाही. वाय-ग्राफ्टसाठी (स्वादुपिंडाच्या दोन धमन्या एकत्र जोडणारा वाय आकाराचा तुकडा) दात्याच्या इलियाक (ओटीपोटातल्या) धमन्या घ्यायला विसरू नका, त्यांच्याशिवाय उत्तम स्वादुपिंडही वाया जातं. थंड साठवणीचा वेळ शक्यतो १२ तासांच्या आत ठेवा.

समन्वयक_आयसीयू
दारूचं विचारलं, अधूनमधून घ्यायचे म्हणतात.

प्रत्यारोपण_सर्जन
तेवढ्याने नकार नाही. सीटीत स्वादुपिंडात कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे साठे, जुन्या सुजेची खूण) दिसतंय का ते रेडिऑलॉजिस्टना मुद्दाम विचारा.