मदत हवी आहे: लॅबचा कंट्रोल पीसी कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडायचाय, घड्याळं कशी जुळवायची?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आहे. तापमान वाढतं तसा पातळ फिल्मचा रोध कसा बदलतो, हे आम्ही मोजतो. भट्टीचा कंट्रोलर जुन्या विंडोज एक्सपी पीसीला जोडलाय, कारण त्या कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या कशावर चालत नाही. रोध मोजणारं सोर्समीटर लॅनवरून विंडोज १० च्या पीसीत वाचतो. पूर्वी सगळं एका साध्या स्विचवर, पक्के आयपी पत्ते देऊन, व्यवस्थित चालायचं.

कॉलेजचं नेटवर्क नवीन झालं तेव्हा आमचा स्विचही त्यातच जोडला आणि सगळं डीएचसीपीवर (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीवर) टाकलं. आता लाइट जाऊन आली की मीटरचा पत्ता बदलतो, प्रोग्रॅम मात्र जुनाच शोधत बसतो. शिवाय एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलाय. ते मशीन अख्ख्या कॉलेजसमोर उघडं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

विंडोज १० मध्ये दुसरं लॅन कार्ड घालणार आहे (राजारामपुरीत मिळेल). एक कार्ड कॉलेजकडे, दुसरं लॅबच्या स्विचकडे. गेटवे (बाहेर जायचा रस्ता) फक्त कॉलेजच्या कार्डाला, ब्रिज (दोन्ही नेटवर्क एकमेकांना जोडणं) अजिबात नाही. लॅबला वेगळा सबनेट (पत्त्यांचा गट), १९२.१६८.५० मालिकेतला. इथपर्यंत ठीक वाटतंय.

खरी अडचण घड्याळांची आहे. तापमान एका पीसीत नोंदलं जातं, रोध दुसऱ्यात, आणि वेळ बघून दोन्ही जुळवतो. भट्टी मिनिटाला ५ अंशांनी तापते, म्हणजे घड्याळांत दोन मिनिटांचा फरक पडला की आलेख १० अंश सरकला. व्हॅनेडियम डायऑक्साइडचा रोध साधारण ६८ अंश सेल्सिअसला एकदम कोसळतो. तो ७८ ला दिसला की पोरं बिचारी नमुन्यातच खोट शोधत बसतात.

इंटरनेट तोडल्यावर एक्सपी वेळ विचारणार कुणाला? म्हणून विंडोज १० वर एनटीपी सर्व्हर (दुसऱ्या पीसींना वेळ सांगणारा) चालू केला, फायरवॉलमध्ये त्याचा यूडीपी १२३ पोर्ट उघडला. हाताने सिंक केलं की वेळ जुळते, पण पुन्हा सरकते. रजिस्ट्रीत एक्सपीचा पोल इंटरव्हल (किती वेळाने वेळ विचारायची ते) ६०४८०० सेकंद दिसतो, म्हणजे आठवड्यातून एकदाच. तो ९०० केला तर रीडिंग चालू असताना घड्याळ उडी मारून नोंदी मागेपुढे होतील का? की सिंकचा नाद सोडून तापमान एक्सपीवरून नेटवर्कने (टीसीपीने) विंडोज १० कडे पाठवावं आणि दोन्ही आकडे तिथल्याच घड्याळाने नोंदवावेत? मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, पण भट्टीचा प्रोग्रॅम जुना आहे, त्याला हात लावायला धजत नाही.

कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. भट्टीला ओव्हर-टेंपरेचर रिले (फार तापली तर ती बंद करणारा) स्वतंत्र आहे, त्यामुळे लिंक तुटली तरी ती काळजी नाही.